टाचेवरची हळद

...काडी पुन्हा मोडली. कोळशाचीच ती, जरा जोर दिला की मोडायची; तुकडा कागदावरून घरंगळत अंजनाच्या लुगड्यावर आला, आणि झटकायला गेली तर आणखीच काळं फासलं गेलं. जन्मभर तिनं कोळसा चिमट्यानं धरला, विझवला, डब्यात भरून ठेवला. पण तो बोटांत धरून माणूस काढायचा असतो, हे सांगलीच्या या वर्गात येईस्तोवर कधी ऐकलं नव्हतं. तासगावात तिच्या रांगोळीला नाव होतं. रांगोळी चिमटीतून आपसूक सुटते, तिला दाबावं लागत नाही. सारवलेल्या भुईवर पांढरं कसं उठून येतं. इथं पांढरं आधीच पसरून ठेवलेलं, आणि आपण त्यात नुसता अंधार भरत बसायचं... मेलं सगळंच उफराटं.

"वर बघा, वर," मागून फिरताना सिकंदर मास्तर म्हणाले. वर्गात सगळी पोरं. बाईमाणूस ती एकटी. समोर चौरंगावर उघड्या अंगानं बसलेला नाथाजी, हळदीच्या पेठेतला म्हातारा हमाल.

वर कसं बघायचं? पुरुषमाणूस समोर आला की पदर पुढं आणि नजर त्याच्या पायांवर – माहेरी हेच, सासरी हेच. म्हणून तिनं पायांपासूनच सुरुवात केली होती. पाय बाकी साधले होते. टाचेच्या भेगा, अंगठ्याचं वाकडं नख, सगळं. पण सुरुवातीलाच ते एवढे मोठे आले की वर गुडघ्यापर्यंत पोचताच कागद संपला. आणि आज वर्ग सुटताना मास्तर सांगणार होते, परीक्षेला कुणाला बसवायचं. बसवलं तर कधी ना कधी मुलींच्या शाळेत चित्रकलेची बाई. नाही बसवलं तर... तिचे सासरे लालासाहेब, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, चार माणसांचं तोंड बंद करून त्यांनी सुनेला इथं धाडलं होतं, पण गाडीत बसवताना म्हणाले होते, "न्हाई जमलं तर गाडी धाडतो. चूल काय कुठं पळून जात न्हाई." मायेनं म्हणाले होते. तिला मात्र तेव्हापासून धुराचा वास येत होता.

नाथाजीच्या टाचांच्या भेगांत हळद बसलेली. ती या काळ्या काडीनं कशी दाखवायची? ...हळदीची टाच. लग्नातली हळद नवऱ्याच्या अंगावरून उतरली, टाचेच्या कडेला राहिली. रजा संपली तेव्हा ती टाच बुटात शिरताना तिनं पाहिली होती. नाडी बांधून झाली तशी ती वाकली, बुटांवर कपाळ टेकलं, आणि डोकं वर करीपर्यंत ते बूट वाजत अंगण ओलांडून गेले. पुढं इटलीची लढाई, आणि तिथून तो गेल्याची तार. चेहरा? रात्री दिवा विझवलेला, दिवसा पदर. पलटणीतला फोटो होता एक, त्यात बटणं लखलखीत आणि तोंडावर टोपीची सावली. मी रडले – सासूबाईंच्या गळ्यात पडून रडले – पण कुणाला रडले? दोन पायांना? हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती. असलं बोललेली बाई घरात ठेवत नाहीत.

मास्तर तिच्यापाशी येऊन थांबले. "अवं अंजनाबाई, पाय लय झ्याक आल्यात. पर माणूस कुठं हाय ह्यात?"

पोरं फिदीफिदी हसली.

"पुसा समदं. डोक्यापासनं धरा आता. अजून येळ हाय." त्यांनी पावाचा तुकडा तिच्या हातात दिला. कोळसा पावानं पुसायचा, ही इथलीच तऱ्हा. रेशनच्या दिवसांत अन्न असं कागदावर घासायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. पण आज अन्नाचं दुःख नव्हतं. हे पाय पुसले की त्याचं काय उरणार होतं? तरी तिनं पाव दाबला. भेगा गेल्या, अंगठा गेला, टाच तेवढी कितीतरी वेळ करडी होऊन राहिली.

"बाई... उरला त्यो पाव टाकू नगा."

आवाज वरून आला. पायांना आवाज नसतो. उत्तर द्यायचं म्हणून तिनं मान वर केली, आणि बघितलं – पांढरे खुंट, एका बाजूला ओघळलेला ओठ, भुकेलं तोंड, डोळे. मागितल्याची लाज वाटून म्हाताऱ्यानंच नजर खाली घातली, थेट तिच्या पायांवर.

"न्हाई टाकत," ती म्हणाली.

तिची नजर मात्र खाली जाईना. ती बघत राहिली. कुणी ओरडलं नाही, काही कोसळलं नाही. मान तर तिचीच होती. त्या दिवशी अंगणातही तिचीच होती... नुसती वर करायची. एवढंच? एवढंच होतं?

मागं मास्तर परीक्षेची नावं सांगायला घसा खाकरत होते. हातातली काडी अजून कागदाला शिवलीही नव्हती.