झाकण आणि शून्य

प्रज्ञानं पडद्यावरचं कार्ड काढून टाकलं, आणि झाकणाचं कुलूप आपोआप उघडलं.

कार्ड खरं नव्हतं, मशीनही नव्हतं. पलसाण्याच्या मिलमधलं कापड रंगवायचं अवाढव्य मशीन सुरतेतल्या या दोन खोल्यांत आणणार कसं? म्हणून लोकेशनं मासिकासोबत आलेल्या सीडीवरचं लिनक्स घेतलं, त्याच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नेलसाठी, पॅच लिहिला आणि आतल्या आत एक खोटी बस, म्हणजे कार्ड जोडायची वाट, आणि तिच्यावर मशीनमधला दाब सांगणारं खोटं कार्ड उभं केलं. खऱ्या-खोट्या कार्डांना कर्नेल आता एकाच वाटेनं विचारणार होतं. काम झकास होतं. प्रज्ञानं ते तपासून हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं; आणि मशीन चालवणारा डबा मिलला न्यायला खाली टेम्पो उभा होता.

"लोकेश, कार्डाकडून उत्तर आलं नाही तर तू शून्य धरतोस."

"मग काय धरू?"

"शून्य म्हणजे दाब नाही. दाब नाही म्हणजे झाकण उघड. आत पाणी उकळत असलं तरी."

"अगं, चालू मशीनमधून कार्ड काढणार कोण?"

काढणारे रोज घरी प्रज्ञाच्याच शेजारी जेवायला बसत. मशीन अडलं की कार्ड ओढायचं, बनियनला पुसायचं, परत खोचायचं, ही त्याच मिलमध्ये राबणाऱ्या तिच्या वडिलांची, गंगारामांची युक्ती. मिशीवर ताव देत ते ती सांगायचे.

तेवढ्यात मिलचे शेठ आत आले.

"प्रज्ञाबेन, टेम्पो ऊभो छे. हो बोला ने."

"मधेच कार्ड काढलं तर माणूस भाजेल, शेठ."

"कोण काढतो? नाव सांगा. आजच घरी बसवतो त्याला."

लोकेशही तिच्याकडे बघू लागला. तिनं ओढणीचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं.

"मी काढलं," ती म्हणाली. "हे बघा."

तिनं कार्ड पुन्हा काढलं. कुलूप तिघांच्या डोळ्यांदेखत उघडलं. शेठ चरफडत टेम्पो थांबवायला गेले. लोकेशनं तोंड पाडून ओळ बदलली: उत्तर नाही, तर कुलूप बंदच. प्रज्ञानं कार्ड पुन्हा पुन्हा काढून पाहिलं, मगच हो म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात गंगाराम पाळीवरून डिंडोलीला घरी आले ते धुसफुसतच.

"मशीनला नवा डबा बसवला ना. कार्ड काढून पुसत होतो, झाकण ओढलं, तर हालंच ना. थंडं होईस्तोवर बोंबलत बसलो. कोन्या बिनअकलीनं बनवलं काय मालूम."

प्रज्ञानं त्यांचे हात आधी एका बाजूनं पाहिले, मग दुसऱ्या.

"असेल कुणी बिनअकली," ती म्हणाली, आणि त्या हातावर गरम भाकरी ठेवली.