सोळा पानांचं पुस्तक

"बापूराव, पहिला लेख तेवढा काढा," मृणालिनीबाई म्हणाल्या आणि प्रुफांचा गठ्ठा त्यांनी टीपॉयवर ठेवला. "बाकी पुस्तक झकास झालंय."

बापूरावांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

शांती नगरातल्या बाईंच्या या घरात ते दोन वर्षं येत होते. पोस्टात सॉर्टरची नोकरी करता करता ते ठाण्याच्या एका साप्ताहिकात मीरा रोडच्या गमती लिहीत. बंद लिफ्ट, इस्टेट एजंट, पाण्याच्या टँकरमागे बादल्या घेऊन धावणारी माणसं. लोक कात्रणं जपून ठेवत. पण त्याचं पुस्तक काढायला कोणी प्रकाशक तयार होईना. तेव्हा निवृत्त शिक्षिका असलेल्या मृणालिनीबाईंनीच मार्ग काढला होता. वाचकांकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि त्यातून छापायचं. पायाला सूज असताना त्या पूनम सागरच्या इमारतींचे जिने चढल्या होत्या. दीडशेच्या वर माणसांनी पैसे दिले, त्यातली निम्मी तरी बाईंच्या शब्दावर.

नवा लेख एकच होता, पहिला. टँकरवरचा गमतीचा लेख पुन्हा वाचताना बापूरावांना आई आठवली होती. परभणीकडच्या त्यांच्या गावात ती, चंपाबाई, रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब बसून राहायची. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. कधी सकाळची दुपार व्हायची. लहानगे बापूराव शेजारी बसून असायचे. हे त्यांनी आजवर कुठे लिहिलं नव्हतं, कोणाशी बोललेही नव्हते.

"का काढायचा, बाई?"

"आम्हाला काय ठाऊक नव्हतं का? कोणी कधी बोललं? मग तुम्हीच कशाला छापून सांगताय? लोकांनी हसायला पैसे दिलेत."

बाईंचा आवाज अगदी मऊ होता. बापूरावांनी कप खाली ठेवला आणि प्रुफांचा गठ्ठा उचलला.

घरी त्यांनी बायकोला, वैजयंताला, सगळं सांगितलं. लेख तिने वाचला नव्हता, पण त्यात काय असणार हे तिला कळत होतं. तीही तिकडचीच. ती सुपातले तांदूळ निवडत होती.

"तुम्ही सकाळी डबा घेऊन जाता," ती म्हणाली. "दिवसभर या बायकांत मी असते. भिशीत घेतात, पापड लाटायला बोलावतात. आपली साक्षी त्यांच्याच पोरींबरोबर क्लासला जाते. नीट चाललंय ना आपलं?"

"चाललंय."

"मग?"

बापूरावांनी सांगायचा प्रयत्न केला. आईवाचून ते पुस्तक आपलं वाटतच नाही, नुसते हसरे लेख छापले तर टँकरच्या रांगेत उभं राहून तिच्याकडे पाठ फिरवल्यासारखं होईल, असं काहीतरी. शब्द नीट जुळले नाहीत. मला विचारू नका, करायचं ते करा, असं म्हणून वैजयंता सूप घेऊन आत गेली.

पुढचे काही रविवार ते वाचकांच्या दारोदार फिरले. पहिला लेख आईवर आहे, त्यात गावचं सगळं खरं लिहिलंय, नको असेल तर पैसे परत घ्या, असं प्रत्येकाला सांगितलं. वाईट कोणीच बोललं नाही. एकाची बदली होणार होती, एकाच्या मुलांच्या परीक्षा होत्या, एका गृहस्थांना हल्ली वाचवत नव्हतं. पैसे खिशात घालून त्यांनी बापूरावांना आग्रहाने सरबत पाजलं. काहीजण म्हणाले, असू द्या, छापा. ते थोडे होते.

मृणालिनीबाईंनी पैसे हातात घेतले नाहीत.

"राहू द्यात, मदत समजा," त्या म्हणाल्या. "पुस्तक मात्र नको."

बापूरावांनी नोटा टीपॉयवर ठेवल्या आणि चपला घातल्या. बाईंचा पाय कसा आहे हे विचारायचं राहिलं, असं जिना उतरताना त्यांच्या मनात आलं.

हाटकेश भागातल्या एका गाळ्यात उत्तमचा छापखाना होता. उरलेल्या पैशांत एकच फर्मा निघेल, म्हणजे सोळा पानं, असं त्याने सांगितलं.

"एवढ्यात पुस्तक नाय होणार, बापूराव. थांबा वर्षभर. हळूहळू जमवू."

"आईचा लेख बसेल त्यात?"

उत्तमने प्रुफं चाळली. "बसेल."

"मग तेवढाच छाप."

मागे राहिलेल्या वाचकांना त्यांनी तसं कळवलं आणि पुस्तिका निघाल्यावर स्वतः घरपोच नेऊन दिली. आठवड्याभरात दोन प्रती त्यांच्याच लेटरबॉक्समध्ये परत आल्या. आत चिठ्ठी नव्हती. साप्ताहिकाचा लेख त्या आठवड्यात त्यांनी पाठवला नाही, आणि पुढच्याही नाही. बसले की काही सुचतच नव्हतं.

त्या महिन्याची भिशी पहिल्या मजल्यावर उर्मिलाकडे होती. रविवारी दुपारी वैजयंता निळी साडी नेसून, वेणी घालून तयार झाली. दरवेळी खाली जाता जाता कोणीतरी तिला हाक मारायचं. जिन्यातून बायकांचे आवाज आले, त्यांच्या दारावरून खाली गेले. खालचं दार लागलं. मग सगळं शांत झालं. बापूराव आतल्या खोलीत ऐकत होते. ते उठले आणि चहा ठेवायला गेले.

कप घेऊन बाहेर आले तेव्हा वैजयंता गॅलरीत स्टुलावर बसली होती. साडी तिने बदलली नव्हती. चष्मा लावून ती पुस्तिका वाचत होती, ओळीवरून बोट फिरवत, ओठ हलवत. अर्ध्याच्या पुढे गेली होती. बापूराव थोडा वेळ दारात उभे राहिले. तिने मान वर केली नाही. त्यांनी कप तिच्या बाजूला कठड्यावर ठेवला आणि त्यावर बशी झाकली.