हातभर माती

दसरा आठ दिवसांवर आला होता आणि गावातल्या बायका टोपल्या घेऊन ओढ्याकाठच्या खाणीकडे निघाल्या होत्या. भिंतींना पोतारा द्यायची पांढरी माती तिथेच मिळायची. खाण सगळ्या गावाची. फक्त आंध आदिवासींची नाही. त्यांची कुदळ लागली तर माती काळी पडते, असं कोणी ठरवलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळत मात्र सगळे होते.

आंधांची पंचफुला दरवर्षी गावच्या बायकांच्या टोपल्यांतून सांडलेले खडे वेचून आणायची. यंदा तिला नवं घर मिळालं होतं. कामरगावच्या वाटेवर कपाशीवर मारायच्या विषारी भुकटीचा एक लहानसा कारखाना होता, तो बंद पडून पाच वर्षं झाली होती. १९७६ च्या उन्हाळ्यात त्याच जागेवर आंधांची अकरा घरं बसवली गेली. जागा दिली म्हणून मालकाला हार घातले. नको झालेली जमीन त्याने दिली, दुसरी मागायची ज्यांची ताकद नव्हती त्यांनी घेतली, आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिच्या नवऱ्याने, लखमाने, मांडवाचा खांब रोवायला घरामागे खड्डा खणला. वीतभर खाली पांढरीशुभ्र माती लागली.

“पंचफुले, पाह्य वं! आपल्या घराखालीच खान हाये!”

“बरं झालं. आता कोनाच्या तोंडाकडं पाह्याचं काम नाही,” ती म्हणाली. मातीला उग्र वास होता. पण कारखान्याच्या जागेला वास असायचाच, आणि सरपंचांनी जागा साफ करून दिली होती. मग शंका कशाची घ्यायची?

तिने चूल सारवली, भिंती सारवल्या. अकराही घरांनी तिच्याकडून माती नेली. दोन दिवसांत ढेकूण मेले, मुंग्या गेल्या. बायका हरखून गेल्या. गावच्या खाणीतल्या मातीला असा गुण कुठे होता!

सरपंच माणिकराव हा काही वाईट माणूस नव्हता. अडीनडीला धावणारा, कुणाच्या अन्नात माती कालवणारा नव्हे. वस्ती बसण्याआधी तालुक्याहून त्याला कागद आला होता: वरची हातभर माती काढून दूर पुरावी, मगच घरं बांधावीत. तेव्हा ट्रॅक्टर शेताच्या कामात अडकले होते. माणिकरावाने तलावातला गाळ आणून वरून पसरला, धुमस मारून घेतला आणि ‘जागा साफ केली’ म्हणून सही ठोकली. स्वतःचं घर बांधायचं असतं तर त्याने असं केलं असतं का? हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही. आंधांना कुठेही चालतं, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो वस्तीवरून जात होता. पांढऱ्याधोप भिंती पाहून तो थबकला. ही माती खाणीतली नाही, हे त्याने ओळखलं.

“या ना सरपंच, चा घ्या,” पंचफुला दारातून म्हणाली. “आमाले आमची माती भेटली!”

तिची दीड वर्षांची भागिरथा भिंतीशी बसली होती. नखाने भिंत खरवडून बोट चाटत होती.

माणिकराव दोन पावलं तिच्याकडे गेला. एक वाक्य बोलायचं होतं. पण बोललं की सहीचं बिंग फुटणार, ऐन सणाला तमाशा होणार. दसरा होऊन जाऊ दे, मग सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. “आज नको, घाईत हाओ,” म्हणून तो चालू लागला.

दसऱ्याच्या दुपारी भागिरथेला आकडी आली. बातमी कळताच माणिकरावानेच जीप काढली आणि सगळ्यांना कारंज्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “हिच्या पोटात काय गेलं?”

“काहीच नाही जी,” लखमा म्हणाला. “भाकर अन् दूध.”

माणिकराव दाराशी उभा होता. डॉक्टर आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. ते परत बाहेर आले तेव्हा अखेर माणिकरावाच्या तोंडून शब्द फुटले, “डॉक्टरसाहेब, भिंतीची माती. ते औषध आहे, कपाशीवरचं.”

“आधी का नाही सांगितलं?” डॉक्टर ओरडले आणि आत धावले. पोर दिवस मावळायच्या आत गेली. वेळेवर सांगितलं असतं तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. माणिकरावाला मात्र त्या प्रश्नातून सुटका नव्हती.

अकरा घरं शाळेत हलवली. तिसऱ्या दिवशी माणिकरावाने ग्रामसभा बोलावली आणि सगळं सांगून टाकलं. खाण आजपासून सगळ्यांची, हेही सांगितलं. मग विषाची माती खणायची कुणी, हा प्रश्न आला.

उपसरपंच पंजाबराव म्हणाले, “त्याहीच्या आंगनातली माती हाये, त्याहीलेच खनू द्या. तुमी कायले पुढं होता?”

“सही माही होती,” माणिकराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच फावडं घेऊन वस्तीवर गेला. गावातले लोक रस्त्यावर उभे राहून पाहत होते. जवळ कुणी आलं नाही. त्याने पहिलं घमेलं भरलं तेव्हा मागून पंचफुला आली. ती शिव्या देईल, थोबाडीत मारेल, असं त्याला वाटलं. खरं तर त्याला तेच हवं होतं.

तिने जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्या पुढे केल्या.

“नाकातोंडाले बांधा, हाताले गुंडाळा. माती जहरी हाये.”

माणिकरावाने फावडं खाली ठेवून चिंध्या घेतल्या.

“मले कोनी सांगतलं नव्हतं,” ती म्हणाली. “म्हनून तुमाले सांगून राह्यली.”