नेपाळ कुणी लिहिलं

चार दिवस झाले, बाबा शवागारात होते आणि मला मिळत नव्हते. कारण कागदावर ते नेपाळचे होते. नेपाळचा दूतावास म्हणाला, हा माणूस आमचा नाही. बाबा मूळचे फिलिपिन्सचे, पण तिथला दूतावास म्हणाला, पासपोर्ट दाखवा, नाहीतर फिलिपिन्समधलं रक्ताचं कुणी ओळख पटवू दे. पासपोर्टासाठी घर उलथंपालथं केलं. नव्हताच.

आई कुवेतला नर्स होती, बाबा तिथंच वेल्डर. लग्न करून ते तिच्यामागं तिच्या गावी, पिंपळवंडीला आले. आई मी लहान असतानाच गेली. बिबट्याच्या भीतीनं गावातल्या निम्म्या पडव्यांना जाळ्या लागल्या, त्या बाबांनीच बसवल्या. नाव रोलांदो, पण गावानं चेहरा बघून 'बहादूर' ठरवलं आणि तेही हसून ओ द्यायचे. शाळेत सारखं समजावून सांगायचा मला कंटाळा यायचा, म्हणून मीही नेपाळच सांगायचे. अवसरीच्या कॉलेजातही तेच. खोटं बोल पण रेटून बोल. घरी ते स्वतःच्या भाषेत काही बोलले की मी म्हणायचे, "बाबा, मराठीत." हळूहळू त्यांनी ती भाषा सोडूनच दिली.

एक खोड मात्र सुटली नाही. म्हातारं माणूस दिसलं की त्याचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावायचे. शेजारच्या प्रयागबाई हात ओढून घ्यायच्या, "आरं सोड, शेणाचा हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज सकाळी त्यांच्या वेल्डिंग मशीनच्या झाकणाला आतून रंगानं लिहिलेला परदेशी नंबर सापडला. शवागाराबाहेरूनच व्हिडिओ कॉल लावला. शेजारी हवालदार दादाभाऊ उभे होते. एक म्हातारी दिसली. मी इंग्रजीत सांगितलं, रोलांदोची मुलगी, ते गेले. फोटो दाखवला. तिनं मान हलवली. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा भाऊ तिला त्या पांढऱ्या दाढीत दिसेना. पैशासाठी असे फोन येतात, असं काहीतरी ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. मग तिच्या भाषेत एक प्रश्न विचारून वाट बघत राहिली. माझ्याकडं त्या भाषेतला एक शब्द नव्हता. बापाच्या भाषेतला एकही नाही. लाज वाटली, आणि ती आता फोन ठेवणार होती.

मी तिच्यापुढं हात पसरला, मग स्वतःच्या कपाळाला लावून दाखवला. पुन्हा दाखवला.

ती बघत राहिली. मग तिनं सुरकुतलेला हात हळूच कॅमेऱ्यापुढं धरला. मी वाकून फोनच्या काचेला कपाळ टेकलं. पलीकडून "रोली, रोली" ऐकू यायला लागलं आणि मला तिथंच हुंदका फुटला. दूतावासाला कळवते म्हणाली.

दादाभाऊंनी डोळे पुसत दवाखान्याचा फॉर्म उघडला. बाबा शिडीवरून पडले त्या दिवशी दाखल करताना भरलेला.

"पोरी, ह्यो बदलाया लागंल," ते म्हणाले. "हितं नेपाळ कुणी लिवलं?"

"मी," मी म्हणाले.