माझ्या शेजारचा उजवा

मी बूट बोलतोय. धावायचा बूट, आणि त्यातही फक्त डावा. लोक आम्हाला जोडीनेच ओळखतात, एकट्याला कुणी विचारत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं. रंग एके काळी निळा होता, आता धुऊन धुऊन राखेसारखा झालाय. तळ मात्र अजून शाबूत आहे, आणि बोलायची खोड तर जन्माचीच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. गोंदाचा वास आणि शिलाई मशीनची घरघर, एवढंच तिथलं आठवतं. पुढे उत्तरेकडच्या एका श्रीमंत शहरात एका जाड्या गृहस्थाने नव्या वर्षाच्या संकल्पापायी मला विकत घेतलं. संकल्प आठवडाभर टिकला. धावायचं ठरलं की माणसं आधी दुकान गाठतात, आणि सामान घरात आलं की निम्मं धावून झालं असं समजतात. मी कपाटात पडलो, मग दानाच्या पेटीत, मग दाबून बांधलेल्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात. तो गठ्ठा ग्वाटेमालाच्या डोंगरात, सान ओनोफ्रे गावच्या बाजारात फुटला. त्या गडबडीत आम्हा जोडीला बांधणारी दोरी तुटली आणि माझा सख्खा उजवा ढिगात कुठे गेला तो गेलाच.

असले गठ्ठे विकणारी इथली बाई म्हणजे चोना, मानाने दोन्या चोना. तोंडाने फटकळ, पण एकही बूट टाकायची नाही. जोडीदार हरवलेल्या बुटांची तिची एक टोपली होती. गावात कुणाला रस्त्यात एकटा बूट सापडला तरी तो तिच्याकडेच यायचा. गिऱ्हाईक नसलं की ती टोपली पालथी करून आमची लग्नं जुळवत बसे.

एकदा पावसात एक लाकूडतोड्या तिच्याकडे उजवा बूट घेऊन आला. ओढ्याचा पूर ओसरल्यावर गाळात सापडला म्हणाला. चोनाने तो घासून धुतला, चुलीजवळ वाळवला, नवी नाडी ओवली आणि माझ्याशेजारी ठेवला. कंपनी एक, माप एक, रंग जरासा गडद.

"ठरलं लग्न," ती म्हणाली.

मी आपला बोलायला गेलो. कुठला तू, कुणाचा, किती धावलास? उजवा गप्प. बूट एकमेकांशी बोलतात हो, तुम्हाला ऐकू येत नाही इतकंच. फाटकेतुटकेही बोलतात. हा मात्र नाही. वाळवूनसुद्धा त्याच्या आतून गार ओल बाहेर यायची. मी हळूच थोडा बाजूला सरकून बसलो.

जुलैत ओडिलिया दुकानात आली. गावात शिवणकाम करणारी, पस्तिशीची, आयुष्यात कधी बसमागेही न धावलेली बाई.

"दोन्या चोना, मला धावायचं सामान हवंय. स्वस्तातलं."

"कुणापासून पळायचंय बाई तुला? नवरा तर केला नाहीस!"

"मशालीत धावायचंय. सिप्रियानोच्या जागेवर."

चोनाचं हसू तिथंच थांबलं.

सप्टेंबरात, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, इथली गावं मोठ्या शहरातून पेटती मशाल आणतात. आळीपाळीने हातात घेऊन, शिट्ट्या फुंकत, डोंगर चढत-उतरत ती चौकापर्यंत धावत न्यायची. वाटेत थांबायचं नाही. सिप्रियानो हा ओडिलियाचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी दाट धुक्यात त्याने आपली पाळी संपवून मशाल पुढच्याच्या हातात दिली, आणि त्यानंतर तो कुणाला दिसलाच नाही. मशाल झाली की उत्तरेला जाणार, असं तो गावभर सांगत होता. म्हणून सगळे म्हणाले, गेला. इथून दिसेनासा झालेला माणूस उत्तरेलाच गेलेला असतो, आणि बहुतेकदा ते खरंही असतं. कुणी शोधलं नाही. त्याची आई तोमासा, गाव तिला मानाने नान म्हणतं, तेव्हापासून फोनची वाट पाहत होती. तिचं अन्न तुटलं होतं आणि अंगाचा सापळा झाला होता.

"बरं, मग ऐक," चोना म्हणाली. "पैसे पायावर घाल, अंगावर काहीही चालतं. सुती सदरा घेऊ नकोस, घामाने भिजला की ओझं होतो. हा फुटबॉलवाल्याचा सुळसुळीत बघ."

"याच्या पाठीवर गोन्सालेस लिहिलंय."

"मग मागचे तुला गोन्सालेस म्हणतील. त्याने काय पाय दुखणार आहेत?"

"आणि खाली? मी माझा घागरा सोडायची नाही हं."

"कोण सोडायला सांगतंय? आतून ही घट्ट चड्डी घाल, मांड्या सोलायच्या नाहीत. मोजे लोकरीचे नकोत, फोड येतील. राहिले बूट. नवे हवे असतील तर शेला शहरात जा आणि येताना शिलाई मशीन विकून ये. नाहीतर हा जोड आहे. सख्खे नाहीत, पण नांदतील."

ओडिलियाने आम्हाला पायात घातलं. माझ्यात तिचं पाऊल छान बसलं. "उजवा गार लागतो," ती म्हणाली.

"चार दिवस घाल. ऊब लागेल."

ऊब काही लागली नाही.

पहाटेच्या धुक्यात गावचे लोक सरावाला जमत. पुढारी होते शाळेचे एर्मेलिंदो मास्तर. पहिल्या दिवशी ओडिलिया गिरणीपर्यंतसुद्धा पोचली नाही, धापा टाकत दगडावर बसली. पण चिवट बाई. हळूहळू श्वास जमला, पोटऱ्या घट्ट झाल्या, आणि मलाही वाटू लागलं की अखेर माझ्या जन्माचं सार्थक होतंय.

अडचण एकच होती. जुन्या गिरणीपाशी वाट फुटते. डांबरी रस्ता डावीकडे गावात जातो, आणि उजवीकडे एक पायवाट झाडीतून खाली दरीत उतरते, ओढ्याकाठून गावाकडे जायचा जुना आडमार्ग. तिथे आलं की उजवा वळायचा. ओडिलियाचा पाय धरून वळायचा. मी घाबरून रस्त्याला चिकटायचो आणि मधल्या मध्ये ती बिचारी कोलमडायची.

"अगं गोन्सालेस, तुझा उजवा पाय दारू पिऊन येतो का?" मास्तर ओरडायचे आणि सगळे हसायचे.

मला हसू यायचं नाही. आम्ही धावायचो डांबरावर, पण घरी येऊन बघावं तर उजव्याच्या तळाला लाल चिखल आणि पाइनच्या काड्या. ओडिलिया त्या खरवडून काढायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग एके सकाळी नान तोमासाने आम्हाला ऐकलं. मोतीबिंदूने तिची नजर गेली होती. अंगणात बसून ती पानात उकडायच्या तमालांसाठी मक्याचे दाणे सोलत होती. ओडिलिया फाटकातून आत आली आणि म्हातारीचा हात कणसावरच थांबला.

"कोण आलंय गं तुझ्याबरोबर?"

"कुणी नाही, आई."

"खोटं बोलू नकोस. चाल बघू जरा."

ओडिलिया चालली.

"डावं पाऊल तुझं," म्हातारी म्हणाली. "उजवं माझ्या पोराचं. लहानपणी घोटा मोडला तेव्हापासून तो आतल्या कडेवर भार टाकतो. मी ओळखणार नाही होय?" आणि ती हसली, वर्षभरात पहिल्यांदा. "घराच्या वाटेला लागलाय तो. माझ्यासाठी दोन तमाल जास्त कर, भूक लागलीय."

त्या दुपारी ओडिलियाने उजव्याला मशीनजवळच्या उजेडात नेलं आणि टाचेचं अस्तर उलटं केलं. आतून बारीक दुहेरी टाके घातलेले होते, मरून दोऱ्याचे. शिवणारी बाई स्वतःचे टाके विसरत नाही, भावाच्या बुटात घातलेले तर नाहीच. तिने ते बोटाने चाचपले, पुन्हा चाचपले, आणि तशीच चोनाकडे गेली.

"हा उजवा तुम्हाला कुठे मिळाला?"

"ओढ्याच्या गाळात सापडलेला. गिरणीच्या खाली. का गं?"

"काही नाही. सहज."

आता तिला कळलं होतं, आणि मलाही. पायवाट उतरायला तिला कुणी अडवलं नव्हतं. पण घरी म्हातारी पोटभर जेवत होती. शेजारणींना हाका मारून सांगत होती, "पोरगा वाटेवर आहे." रोज सकाळी फाटकाशी कान लावून बसत होती. ओडिलिया खरं शोधायला गेली असती, तर आईचा पोरगा तिने स्वतःच्या हाताने हिरावून घेतला असता. म्हणून गिरणीपाशी आता तीच मला जोरात डावीकडे रेटायची. उजवा ओढायचा, ती दात-ओठ खाऊन पुढे जायची, आणि गाव जवळ आलं की डोळे पुसायची. मला तिचा राग आला नाही. मलाही खाली जायचं नव्हतंच.

मशालीच्या दिवशी नान तोमासाने ठेवणीतली शाल घेतली. "मी देवळाच्या पायऱ्यांवर बसते," ती म्हणाली. मग मुलीचा चेहरा हातांनी चाचपत हळूच म्हणाली, "पाऊल त्याचंच आहे, पण गार आहे गं. जमिनीला ऊब देत नाही. येताना त्याला घेऊन ये. जसा असेल तसा."

ओडिलियाने माझी नाडी बांधली, मग उजव्याची.

परतीच्या शेवटच्या टप्प्यात मशाल तिच्या हाती आली. धुकं इतकं होतं की पुढच्याची पाठ दिसत नव्हती, नुसत्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. गिरणी आली. उजवा वळला. मी सवयीने रस्त्याला चिकटलो, पण या वेळी वरून जोर आलाच नाही. ओडिलिया थांबली होती. पेटती मशाल हातात घेऊन भर रस्त्यात थांबली.

"डावीकडे! गोन्सालेस, डावीकडे! थांबू नकोस!" मास्तर ओरडले.

"मास्तर, माझ्या मागे या. हसू नका, नुसते या."

आणि ती दरीत उतरली.

मी कधी न पाहिलेली वाट होती ती, पण उजव्याला तिचा दगड न् दगड ठाऊक होता. लाल चिखल, नेचे, पाइनच्या काड्या. खाली एक दरड कोसळून जुनी झालेली, तिच्यावर आडवं पडलेलं झाड, आणि यंदाच्या पुराने त्याच्या मुळांखालची माती वाहून नेलेली. ओडिलियाने मशाल खाली धरली. मुळांमध्ये एक बूट होता. निळा, डावा, माझ्याच कंपनीचा. तो ज्याच्या पायात होता त्याच्याबद्दल मी बोलणार नाही.

तेव्हा माझ्या शेजारचा पहिल्यांदा बोलला. माझ्याशी नाही.

"आलो," तो म्हणाला.

मास्तर डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. मागून आलेल्यांच्या शिट्ट्या एकेक करून बंद पडल्या. ओडिलिया खाली बसली, उजव्याची नाडी सोडली आणि त्याला मुळांपाशी, त्याच्या डाव्याशेजारी ठेवलं. मग ती इतका वेळ रडली की मास्तरांना मशाल धरावी लागली.

"तू थांब इथे, बाळ," ते म्हणाले. "मशाल दुसरा कुणी नेईल. पोलिसांनाही कळवायला हवं."

"कळवा. पण याच्याजवळ कुणीतरी बसा, एकटा नका ठेवू. मशाल मीच नेते. आई वाट बघतेय."

एका पायात मी आणि दुसरा पाय उघडा, अशी ती गावात धावत शिरली. चौकात लाकडी पट्ट्यांचा मारिम्बा वाजत होता. टाळ्या झाल्या, फटाके झाले. लोकांनी तिचा उघडा पाय पाहिला, त्यावरचं रक्त पाहिलं, आणि वाट करून दिली. नान तोमासा पायऱ्यांवर मान तिरकी करून बसली होती. माझा ठोका तिने ऐकला. त्यानंतर फरशीवर उघड्या तळव्याचा ओला आवाज.

"आणखी चाल," ती म्हणाली.

ओडिलिया चालली. ठोका, तळवा. ठोका, तळवा.

"त्याचं पाऊल कुठंय?"

"त्याच्याजवळ आहे, आई."

मारिम्बावाल्यांनी हात थांबवले होते.

"तिथे गार आहे का?"

"आता नाही. मास्तर बसलेत. शेकोटी पेटवलीय."

"बरं केलंस," नान तोमासा म्हणाली, आणि मग शाल तोंडावर घेऊन तिने जो टाहो फोडला तो मला अजून ऐकू येतो.

सिप्रियानोला त्याच्या दोन्ही बुटांसह पुरलं. ओडिलिया अजून धावते. चोनाने तिला दुसरा जोड जुळवून दिलाय, आणि गावात सगळे तिला गोन्सालेसच म्हणतात. मी नान तोमासाच्या खुर्चीखाली असतो. चोना मधूनच निरोप धाडते, चांगला उजवा आलाय, त्या डाव्याला पाठवून दे. धावायला निघालेल्या एखाद्या गरीब बाईच्या मी उपयोगी पडेन, हे मलाही कळतं. तरी माझी एक विनंती आहे, ओडिलिया. मला देऊ नकोस.

दिवेलागणीला म्हातारी माझ्यात हात घालते आणि मला जमिनीवर एकदा टेकवते. ठप्. मग कान देऊन थांबते. सुरुवातीला काहीच व्हायचं नाही. नोव्हेंबरात इथला मृतांचा सण झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दाराशी दुसरा ठोका पडला. आतल्या कडेवर भार टाकलेला. ओडिलियाचं मशीन थांबलं. म्हातारी शांतपणे म्हणाली, "आलास? बस. तमाल गरम आहेत." ओडिलिया उठली आणि तिने आणखी एक ताट वाढलं. तेव्हापासून ती रोज वाढते.

मला भीती वाटते. अजूनही वाटते, दर संध्याकाळी. पण पहिला ठोका माझा असतो. तो मीच नीट दिला नाही, तर दुसरा यायचा कसा?