किटलीच्या बुडाचा चौकोन

दादाला भिंतीवर नाव हवं होतं, बाकी काही नाही. त्यासाठी त्याने आत्याच्या हातातली चांदीची किटली संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. किटली अठराव्या शतकातली, नक्षीदार, आमच्या एका पूर्वजाने स्वतः घडवलेली. दादा जन्मला तेव्हा आजोबांनी ती कागदोपत्री या एकुलत्या नातवाच्या नावावर केली. पण रोज सकाळी तिच्यातून कॉफी ओतून घ्यायची ती आत्याच. स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही तिच्याकडे नव्हतंच. मी दादाशी दोनदा भांडले. त्याने आत्याला स्टीलची नवी किटली आणून दिली आणि वर उपकार केल्यासारखा हसला. मला त्याचा असा राग आला!

संग्रहालयाच्या बाई किटली न्यायला आल्या, तेव्हा दादाने पूर्वजांच्या सचोटीवर पाऊण तास घेतला. बाईंचा चहा निवून गेला. फलकाचा मजकूरही पठ्ठ्याने तयार ठेवला होता : ‘प्रामाणिक कारागिराची निर्मिती. वंशजाकडून सप्रेम भेट.’ खाली स्वतःचं नाव, पदव्यांसकट.

शेवटचं एकदा पुसून देते, असं म्हणत आत्याने किटली उलटी केली. बुडावर तोंडाची वाफ सोडली आणि साळसूदपणे विचारलं, “बाई, हा चौकोन कसला हो?”

बाईंनी किटली खिडकीपाशी नेली, स्वतः वाफ सोडून पाहिली आणि खुदकन हसल्या. धुरकटलेल्या चांदीवर सरकारी छापाभोवती जोडाची बारीक रेघ उमटली होती. तेव्हा चांदीच्या वजनावर कर असे आणि तो भरल्यावरच छाप मिळे, असं त्यांनी समजावून सांगितलं. लबाड कारागीर एखाद्या चमच्यावर छाप मारून आणत, तेवढाच तुकडा कापत आणि मोठ्या भांड्याच्या बुडात बेमालूम बसवत.

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. हे फलकावर नाही लिहिलं तर चालेल का, असं त्याने चाचरत विचारलं.

“छे हो, तेच तर लिहायचं,” बाई म्हणाल्या. “करबुडव्यांसाठी वेगळं कपाट करू. खाली तुमचं नाव, ठळक अक्षरांत.”

दादाने किटली जवळजवळ हिसकावूनच घेतली. घराण्याची वस्तू घरातच शोभते, हे त्याला त्या क्षणी सुचलं.

बाई गेल्यावर आत्याने कॉफी केली. मला हसू आवरत नव्हतं. तो चौकोन तिला कधी सापडला, असं मी विचारलं.

“मला कुठला सापडतोय? तुझ्या आजोबांनी दाखवला,” ती माझा कप भरत म्हणाली. “किटली नातवाच्या नावावर केली ना, त्याच संध्याकाळी.”