खाचेतली शेपटी

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ संगणकाच्या पडद्याला टेकवलं. दोन चित्रं शेजारीशेजारी होती. दोन्हींत तेच एन्झाइम, तीच खोल खाच, खाचेत अडकलेली तीच शेपटी. फरक एवढाच की डावीकडची लांब होती आणि उजवीकडची आखूड.

"मी फक्त डिटर्जंट बदललं, सर," विद्यार्थिनी म्हणाली. "आखूड शेपटीचं घेतलं."

सरांना कळायचं ते कळलं होतं.

हे एन्झाइम पेशीच्या आवरणाला बिलगून असतं, चरबी आणि पाणी भेटतात त्या काठावर. तिथून सोडवायचं तर डिटर्जंट, म्हणजे एक प्रकारचा साबण लागतो, आणि त्याच्या रेणूलाही चरबीसारखीच शेपटी असते. नुसत्या पाण्यात त्याच्या गुठळ्या होतात आणि सगळी मेहनत वाया जाते. खाचेतली शेपटी आवरणातल्या चरबीची आहे, एन्झाइम ती कापायच्या बेतात असताना पकडलं गेलंय, असं सरांनी अकरा वर्षांपूर्वी छापलं होतं. त्यावर त्यांचं नाव झालं. तसं पाहिलं तर त्यांच्या नावावर तेवढंच होतं. आणि आता ती शेपटी त्यांनीच ओतलेल्या साबणाची निघाली.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "नीट लिहून काढ. माझी चूक मी कळवतो."

ती गेल्यावर सरांनी बेसिनचा नळ सोडला आणि सकाळीच धुतलेले चंबू पुन्हा विसळायला घेतले.

हे एकीने तेव्हाच सांगितलं होतं. ताईने. थोरली बहीण, याच खोलीत समोरच्या टेबलावर काम करायची. "बाळ्या, घाई नको करूस. हा आपला साबणच असेल," ती म्हणाली होती, आणि सरांनी चारचौघांत तिला सुनावलं होतं की तुला भावाचं बरं बघवत नाही. महिन्याभरात ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. मग फोनही बंद झाले. तिचं टेबल सरांनी कुणाला दिलं नाही, रोज स्वतः पुसलं. घर खायला उठायचं म्हणून ते सुट्टीच्या दिवशीही इथे येत, आणि हे ते कुणाला सांगत नसत.

चौथा चंबू तसाच टाकून त्यांनी हात पुसले. नंबर पाठ होता.

"ताई, मी बोलतोय."

"ओळखला आवाज. बोल."

"तो साबणच होता."

पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "इथे आल्याआल्या मी डिटर्जंट बदलून पाहिलं होतं. आखूड झाली शेपटी."

सरांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्या टेबलाशी बसले.

"अकरा वर्षं! मग छापलं का नाहीस?"

पलीकडे एक भांडं ओट्यावर टेकलं.

"तेवढंच तर होतं तुझ्याकडे, बाळ्या. ते काढून घेतलं असतं, तर तू कशाला धरून राहिला असतास?"

बेसिनमध्ये नळ तसाच वाहत होता.

"फोन ठेवू का मग?" ताईने विचारलं.

"नको," ते म्हणाले. "ठेवू नकोस."